होमरनं घर कोणत्या साली घेतलं?

‘द सिम्पसन्स’ १७ डिसेंबर १९८९ ला सुरू झालं. तेव्हा बार्ट दहा वर्षांचा, म्हणजे जन्म १९७९ चा. २०२५ मध्ये त्याचं वय ४६ व्हायला हवं. त्याचा बाप होमर मात्र पडद्यावर अजून चाळिशीच्या अलीकडेच आहे. साधी वजाबाकी केली तरी पोरगा बापापेक्षा मोठा निघतो.

असं काही बोललं की समोरून ठरलेलं उत्तर येतं. घाटंजीत ते वऱ्हाडीत येतं: “काहून एवढं डोकं लावतं बे? कार्टूनच तं आहे!” माझं भांडण या उत्तराशी आहे. आणि थोडं त्या फॅन लोकांशीही, जे समांतर विश्वं काढून सगळे भाग एका सरळ रेषेत बसवतात. पहिले म्हणतात हिशोब करू नका, दुसरे म्हणतात हिशोब जुळतोच. मला वाटतं हिशोब करावा, आणि तो जिथे जुळत नाही तिथेच थांबून नीट बघावं.

आधी एक मान्य करतो. दर आठवड्याच्या विनोदाला न वाढणारी मुलं लागतात. शिनचॅन १९९२ पासून टीव्हीवर पाच वर्षांचाच आहे. आपला चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी त्याला शाळेत बसवलं, ते २०१२ च्या सिनेमातही तो शाळेतच होता. पहिली चित्रपट्टी वाचणारा आठ वर्षांचा वाचक तोवर एकोणतीस वर्षांचा झाला होता. यात फसवणूक नाही. चिंटू कुणाला म्हणत नाही की माझ्यासारखं जगून दाखव.

होमरचं प्रकरण वेगळं आहे. १९९३ च्या एका भागात त्याच्या लायसन्सवर जन्मवर्ष १९५६ दिसतं. १९९१ च्या भागात तो आणि मार्ज १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात भेटतात. हे दोन्ही छान जुळतं. मग २००८ मध्ये एक भाग आला, त्यात हेच दोघं १९९० च्या दशकात तरुण आहेत, मूलबाळ नाही, होमर ग्रंज बँडमध्ये गातोय. म्हणजे ज्या वर्षांत जगभर लोक बार्टला टीव्हीवर बघत होते, त्याच वर्षांत तो जन्मलाच नव्हता! आजोबा एब दुसऱ्या महायुद्धात लढलेला. २०२५ मध्ये ३८ वर्षांच्या होमरचा जन्म १९८७ चा धरला, तर एबला साठीनंतर मूल झालं असं मानावं लागतं.

जन्मसाल सरकलं, लग्न सरकलं, तारुण्याची गाणी सरकली. जागेवरून हललं नाही ते घर. दुमजली घर, दोन गाड्या, तीन मुलं, कॉलेजची डिग्री नाही आणि मुख्य पगार एकाचाच. १९५६ साली जन्मलेल्या माणसाबाबत हे पटण्यासारखं आहे. त्यातही १९९२ च्या भागात कबुली आहे की एबनं स्वतःचं घर विकून पैसे दिले, तेव्हा होमरचं घर झालं. आता तोच होमर १९८७ चा. घर तेच, पगार एकच, आणि अडचण कुणालाच दिसत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये याला हार्डकोड करणं म्हणतात. तारीख बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं बदलावं लागतं. एखादा आकडा कुणी कोडमध्ये ठोकून ठेवला असेल, तर प्रोग्रॅम चालत राहतो आणि उत्तर मात्र चुकीचं देतो. एरर येत नाही, हाच खरा धोका.

मालिकेत हा प्रश्न एकानं विचारला होता. १९९७ च्या भागातला फ्रँक ग्राइम्स. आयुष्यभर कष्ट करून वर एक बोलिंग अ‍ॅली, खाली एक बोलिंग अ‍ॅली, मध्ये याची खोली. होमरचं घर बघून त्याला कळेचना की या आळशी माणसाला हे परवडलं कसं. भागाच्या शेवटी ग्राइम्स विजेचा धक्का बसून मरतो, आणि अंत्यविधीत लोक हसतात. हिशोब मागणारा माणूसच विनोद ठरतो. “डोकं काहून लावतं” याचीच ही पुढची पायरी.

आता स्प्रिंगफील्ड सोडा, घरी या. लग्नकार्यात, पानठेल्यावर, दिवाळीच्या फराळाला एक वाक्य फिरत असतं: “तुझ्या वयात मी नोकरीला लागून घर बांधलं होतं.” वय तेवढंच, साल वेगळं. हीच तरंगती कालरेषा. माणूस १९९० मधून उचलून आजच्या तारखेवर ठेवलाय, घर मात्र जुन्याच भावात.

जिल्हा परिषदेचा शिक्षक घ्या, आपल्याकडे स्थिर आयुष्याचं मापच ते. १९९० साली लागलेल्याला सुरुवातीपासून वेतनश्रेणी आणि शेवटी जुनी पेन्शन. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी संप केला. २०१३ पासून टीईटी, पुढे २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. तिघंही अठ्ठावीस वर्षांचे असताना शेजारी उभे करा. वय एक, पेशा एक, खडू एक. आयुष्यं तीन. तरी तिसऱ्याला विचारलं जातं की अजून प्लॉट का नाही घेतला. आणि तो बिचारा उत्तर आपल्या आळसात शोधतो.

मला राग त्या मोठ्या माणसांचा नाही. त्यांनी कष्ट केले, ते खरेच आहेत. राग आहे तो साल पुसून फक्त वय सांगण्याचा. साल पुसलं की धोरण पुसलं जातं, बाजारभाव पुसला जातो, आणि उरतं ते फक्त माणसाचं कर्तृत्व नाहीतर नालायकी.

साल सरकवूच नये असंही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवननं केला, तेव्हा तो शाळकरी होता. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघचा बनेश मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेतल्याच रॅकेटशी भिडतो. पात्र पुढे आणलं, तर त्याच्यासोबत त्या काळाचं संकटही आणलं. या वयाच्या पोराला आज काय छळत असेल, हा प्रश्न लिहिणाऱ्यांनी विचारला. सरकवायचं तर असं, सगळंच्या सगळं.

‘सिम्पसन्स’वाल्यांनाही हे कळतं. सप्टेंबर २०२४ च्या भागात त्यांनी खोटाखोटा शेवट दाखवला. एआयकडून लिहून घेतल्याचं नाटक, बार्टचा अकरावा वाढदिवस, सगळ्यांचं सगळं मार्गी लागतंय, आणि बार्टला त्यातलं काहीच नको. तो दहाचाच राहिला. त्याला परवडतं ते.

आपल्याला अकरावं वर्ष लागतं, एकोणतिसावंही लागतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी “तुझ्या वयात” म्हटलं, तर भांडू नका, मान खाली घालू नका. आदरानं एवढंच विचारा: “काका, कोणत्या साली?”