नोटेमागची आठवी ओळ



हल्ली दुकानात आपण कार्ड किंवा फोन टेकवतो आणि पुढे जातो. नोट हातात घेऊन बघण्याची सवय मोडत चालली आहे. आमच्या मते हे मुलांचे मोठे नुकसान आहे. देशाला स्वतःविषयी काय सांगायचे आहे, ते नोटेवर थोडक्यात दिसते.

नेदरलँड्समध्ये २००२ च्या जानेवारीपर्यंत गिल्डर चालत असे. ओक्सेनार या कलाकाराने काढलेल्या त्या नोटा जगभर नावाजल्या गेल्या. ५० च्या नोटेवर पिवळेधमक सूर्यफूल, १०० च्या नोटेवर लांब चोचीचा पाणपक्षी, २५० च्या नोटेवर दीपगृह! १९७२ च्या हजाराच्या नोटेवर तत्त्वज्ञ स्पिनोझाचे चित्र होते. त्याच्या केसांत ओक्सेनारने गंमत म्हणून स्वतःच्या बोटाचा ठसा लपवला होता.

मग युरो आला. त्याच्या नोटांवरचे दरवाजे, खिडक्या आणि पूल ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी काढले. त्यातला एकही पूल खरा नव्हता. एका देशाचा पूल घेतला, तर दुसरा रुसेल ना! आम्ही इंजिनिअर मंडळी अशी तडजोड समजू शकतो. सर्वांना चालेल असे काही केले की काम होते, पण त्यावर कोणाचा जीव जडत नाही. गंमत अशी, की रॉटरडॅमजवळच्या स्पाइकेनिसे गावाने पुढे हे सातही पूल खरोखर बांधले. २०१३ मध्ये ते काम पूर्ण झाले. काल्पनिक पुलांना शेवटी डच गाव मिळाले!

आता २०१९ साली आलेली भारताची २० रुपयांची नोट पाहा. मागच्या बाजूला आपले वेरूळचे लेणे आहे. शेजारी १५ भाषांची पट्टी आहे. वरून आठवी ओळ मराठीची, बरोबर मधली. पुढच्या बाजूला हिंदीत 'बीस' आणि मागे मराठीत 'वीस'. युरोच्या नोटेवर मात्र 'वीस' हा शब्द कोणत्याच भाषेत नाही, नुसता आकडा आहे.

भांडण नको म्हणून युरोने सगळ्यांची नावे गाळली. रुपयाने अनेकांना आपापली ओळ दिली. आम्हाला दुसरा मार्ग अधिक पटतो, मग अक्षरे बारीक झाली तरी चालतील.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांपुढेही हाच प्रश्न आहे. घरात मराठी, शाळेत डच, मित्रांत इंग्रजी. सगळीकडे चालावे म्हणून त्यांनी एखादी भाषा गाळावी का? मुळीच नाही. त्यांची ओळख कुठल्याच गावचा नसलेल्या पुलासारखी होऊ नये. मराठीला तिची ओळ हवी आणि डचलाही हवी.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. खाऊचे पैसे अधूनमधून रोख द्या. डच दोन युरोच्या नाण्याच्या कडेवर डच शब्द कोरलेले असतात, ते मुलांना वाचायला लावा. भारतातून येताना पाकिटात उरलेली एखादी छोटी नोट जपून ठेवा.

आणि मुलांनो, भिंग घेऊन ती आठवी ओळ शोधा. कोणकोणत्या लिप्या ओळखता आल्या, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. आम्ही वाट पाहतो.

– एक पालक