दोघांचे मंडळ

नागरिकशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर लिहितो : राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात, त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची, आणि सारे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. मुले निमूटपणे उतरवून घेतात. २०२२ च्या जुलैत मात्र एकाने विचारले, "सर, दोघांचं मंडळ असतं का?"

मी निरुत्तर झालो. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची कमाल संख्या विधानसभेच्या १५ टक्के, म्हणजे आपल्याकडे २८८ आमदारांमागे ४३, अशी बांधली. किमान संख्या १२ ठरविली. तरी ३० जून २०२२ रोजी एक मुख्यमंत्री व एक उपमुख्यमंत्री शपथ घेतात आणि ९ ऑगस्टपर्यंत, तब्बल चाळीस दिवस, ते दोघेच मंत्रिमंडळ! आमच्या शहराचे नाव 'छत्रपती संभाजीनगर' करण्याचा निर्णयही १६ जुलैला या दोघांच्याच बैठकीत झाला. नावाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते रीतीशी.

कुणी म्हणेल, नव्या सरकारची घडी बसायला वेळ लागतोच. लागू द्या की! पण तोवर मोठे निर्णय थांबवा. मंडळ असते कशासाठी? एकाने मांडावे, दुसऱ्याने हटकावे, तिसऱ्याने मराठवाड्याची आठवण करून द्यावी, यासाठीच ना? अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने निवडलेल्या मंत्र्याला सिनेटची संमती लागते. आपल्याकडे तशी चाळणी नाही. निदान बाराची अट तरी पाळा!

वाचकहो, दोन पणत्यांना आपण दीपमाळ म्हणत नाही. बारा जणांचा शपथविधी होईपर्यंत धोरणाचा एकही निर्णय होऊ नये, असा दंडक घालून घ्या. त्या मुलाचे उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे.