ग्रहणाचा आळ

"ग्रहण पाळलं तर बिघडलं काय?" पळसदरीपासून खोपोलीपर्यंत हा प्रश्न कुठंही ऐकू येतो, आणि विचारणारे बहुधा चांगले शिकलेले असतात. गरोदर बाईनं त्या वेळात विळी धरायची नाही. धरली तर बाळाचा ओठ फाटतो. काळजीपोटी सांगतात, मान्य. पण तसं बाळ जन्मलं की याच काळजीचा आळ होतो. "तूच काहीतरी चिरलं असशील." बाप त्या दिवशी काय करत होता, हे कुणी विचारत नाही.

बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा पुष्कळजणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. सातव्या महिन्यात भाजी चिरल्यानं जुळलेला ओठ उसवत नाही. शिवाय जिथं ग्रहण दिसलंच नाही, तिथंही अशी मुलं जन्मतात.

म्हणून "आधी श्रद्धा सोडा" म्हणणाऱ्या सुधारकांचं पटतं, असंही नाही. पळसदरीला स्वामी समर्थांच्या मठात माथा टेकणारी आई दुसऱ्या दिवशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात रांगेत उभी राहू शकते. गळ्यात गंडा, पायाला प्लास्टर; एकाच लेकराच्या अंगावर दोन्ही सुखानं नांदतात. जन्मतः वाकड्या पावलाला पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला नवं प्लास्टर लागतं, पुढं चौथ्या वर्षापर्यंत रात्री पट्टीला जोडलेले बूट. गंडा याच्या आड येत नाही. बुडणारी मजुरी येते. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईनं दर आठवड्याला यायचं कसं? तिला अडाणी म्हणायला पैसे पडत नाहीत.

दुसरी आड येते ती लाज. दोष आपलाच, असं मनात बसलेली आई मूल आतल्या खोलीत ठेवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याचं पथक मुलं तपासायला अंगणवाडीत येतं, तेव्हा नेमकं तेच मूल तिथं नसतं. उशीर इथंच महागात पडतो: बहिरेपण पहिल्या सहा महिन्यांत ओळखून यंत्र लावलं तर बोलणं येण्याची आशा मोठी. "याचा मामाही उशिराच बोलला" म्हणत चार-पाच वर्षं घालवली की वाट फार चढणीची होते. हे म्हणणारी आजी प्रेमळ असते. तिला खोडून काढणं गंडा बांधणाऱ्या भगताला खोडण्यापेक्षा अवघड.

तेव्हा नवस खुशाल फेडू द्या. डॉक्टरांनी, आशाताईंनी सासू आणि नवरा दोघांना समोर बसवून पहिलं वाक्य हेच बोलावं: "यात हिचा काही दोष नाही." मग प्लास्टरची पुढची तारीख द्यावी, जमलं तर बाजाराच्या दिवसाची.