जहाज दिसते, धनी दिसत नाही

२३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि तो जलमार्ग सहा दिवस बंद पडला. ते जहाज तसूभर तरी हलले की नाही, हे त्या दिवसांत कोणालाही घरबसल्या नकाशावर पाहता येत होते. खोळंबलेली चारशेहून अधिक जहाजेही तशीच दिसत होती.

ही किमया स्वयंचलित ओळखयंत्रणेची. आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या मोठ्या जहाजांवर ती २००४ अखेरपासून सक्तीची आहे. जहाजाचे नाव, स्थान, दिशा व वेग ती ठरावीक अंतराने बिनतारी लहरींवरून कळवीत असते. किनाऱ्यावरील केंद्रे व उपग्रह ते टिपून घेतात. शिवाय प्रत्येक जहाजाला सात अंकी क्रमांक असतो. नाव बदलो, निशाण बदलो वा मालक; तो क्रमांक जहाज मोडीत निघेपर्यंत कायम राहतो.

तथापि जहाज कोठे आहे हे कळणे वेगळे आणि त्याचे उत्तरदायित्व कोणावर हे कळणे वेगळे. ‘एव्हर गिव्हन’चे मालक जपानी, चालविणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन, निशाण पनामाचे आणि जहाजावरील पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय! जहाज मोकळे झाल्यावरही नुकसानभरपाईच्या तंट्यापायी इजिप्तने ते ७ जुलैपर्यंत अडकवून ठेवले. तंटा धन्यांचा; दिवस मोजण्याची पाळी मात्र खलाशांवर आली.

येथे मालक निदान ऐपतदार होता. काही मालक कर्जात बुडाले की जहाज आणि खलाशी दोहोंनाही वाऱ्यावर सोडतात. असे जहाज नकाशावर महिनोन्महिने एकाच जागी ठिपक्यासारखे दिसत राहते. तेथे पगार थकले, पिण्याचे पाणी संपत आले, हे नकाशा सांगत नाही. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी श्रम करारान्वये, बेवारस खलाशांचे चार महिन्यांपर्यंतचे थकित वेतन व परतीचा प्रवास यांची आर्थिक हमी मालकाने ठेवणे २०१७ पासून बंधनकारक आहे. परंतु ती हमी न ठेवणारी जहाजेही समुद्रावर हिंडतात आणि ओळखयंत्रणा बंद करून दिसेनाशी होणारीही.

खलाशांची भरती करणाऱ्या संस्थांना नौवहन महासंचालनालय परवाने देते, आणि त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. जहाजाचा क्रमांक, खऱ्या मालकाचे नाव व हमीपत्र यांची खातरजमा झाल्याखेरीज एकाही खलाशाची रवानगी होऊ नये, असा दंडक महासंचालनालयाने कसोशीने पाळावयास हवा. ही माहिती उमेदवाराच्या घरच्यांनाही सहज पाहता आली पाहिजे. हजारो मैलांवरचे जहाज ज्या जगाला क्षणोक्षणी दिसते, त्याला त्या जहाजाचा धनी सापडत नाही, ही सबब कोकणातल्या वा केरळातल्या खलाशाच्या घरी कोणास पटणार?