ताक प्यावे, पण गोळी सोडू नये

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मूल तालुक्यातले एक साठीचे शेतकरी बऱ्याच दिवसांनी माझ्या दवाखान्यात आले. डोके जड वाटते, एवढीच तक्रार. रक्तदाब मोजला तर १९० वर ११०! "गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारले. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे घडी घातलेले कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. "गोळ्या कायले खाऊ जी? तीन महिने झाले, बंद केल्या. आता रोज दोन गिलास ताक पेतो." ताकाने रक्तदाब उतरतो, असे त्या कात्रणात ठळक अक्षरांत छापले होते.

वाचकहो, ती बातमी खोटी नव्हती, पण अर्धी होती. आरोग्यावर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींचा हा नेहमीचाच दोष. म्हणून आज उरलेली अर्धी सांगतो.

दूध विरजले की त्यातले जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल करतात, म्हणून दही आंबट होते. त्याच वेळी ते केसिन या दुधातल्या प्रथिनाचेही तुकडे पाडतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिच्या दोन-चार मण्यांच्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. जपानी संशोधकांना १९९५ च्या सुमारास आंबवलेल्या दुधात तीन-तीन मण्यांचे असे दोन तुकडे सापडले. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य तयार होते. ते तयार करणाऱ्या विकराला हे तुकडे अडवतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांचे कामही हेच. १९९६ साली जपानमध्ये ३० वृद्ध रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना रोज ९५ मिलिलिटर आंबवलेले दूध आठ आठवडे दिले, आणि त्यांचा रक्तदाब चांगला उतरला. बातमी इथे संपते.

पण त्या ३० जणांपैकी बहुतेक जण रक्तदाबाच्या गोळ्या घेतच होते. ते दूध गोळीच्या जोडीला होते, गोळीच्या जागी नव्हते. शिवाय ते खास निवडलेल्या जिवाणूंनी आंबवलेले होते. आपल्या घरचे विरजण वेगळे, गावोगावचे वेगळे. त्यात हे तुकडे किती असतील, याचा भरवसा नाही. पुढे २०१२ साली अशा १५ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. वरचा आकडा सरासरी अडीचने उतरला, खालचा उतरलाच नाही. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही या पेप्टाइडांचा दावा सिद्ध झाला नसल्याचे सांगितले. १९० मधून अडीच गेले तर उरले किती, हे हिशेबी शेतकऱ्याला मी काय सांगावे?

आपल्या भागात ही चूक फार महागात पडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. पहिल्या क्रमांकावर ना मलेरिया होता, ना सर्पदंश. पहिला होता पक्षाघात, म्हणजे आपल्याकडचा लकवा. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा, आणि बहुतेक मृत्यू घरीच झालेले. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो बहुधा कसलेही दुखणे न देता आत वाढत राहतो.

मी त्या शेतकऱ्याला विचारले, "ताकात मीठ किती घालता?" उत्तर आले, "गिलासाले एक चमचा. त्याबिगर चव येते का जी?" म्हणजे औषध म्हणून घेतलेल्या ताकातूनच रोज दोन चमचे मीठ! जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरे. लोणचे, पापड, सांडगे, सुकी मासळी यांतच ते संपून जाते. रक्तदाबाच्या रोग्याने रोजचे मीठ चार-साडेचार ग्रॅमने कमी केले, तर वरचा आकडा पाचच्या आसपास उतरतो. म्हणजे ताकाच्या दुप्पट फायदा, आणि तोही फुकट.

दुसरा शत्रू खर्रा. पानठेल्यावर घोटलेल्या त्या सुपारी-तंबाखू-चुन्यातले निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. सकाळी ताक आणि दिवसभर खर्रा, हा सौदा तोट्याचाच. आणि भामरागडकडच्या माडिया पाड्यांवर तर गाईचे दूध काढण्याची रीतच फारशी नव्हती, कारण दूध वासराचे. त्यांना आपण ताकाचा उपदेश करणार का? पण मीठ, तंबाखू आणि वेळेवर गोळी या तीन गोष्टी मूल असो की भामरागड, सगळीकडे लागू पडतात.

माझे ताकाशी वैर नाही. ४५ अंशांच्या उन्हात ताकासारखे दुसरे पेय नाही. घरचे, लोणी काढलेले, पातळ ताक जिरेपूड आणि कोथिंबीर घालून खुशाल प्यावे. रक्तदाब असेल तर मीठ घालू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. आणि गोळी सुरू असेल तर बरे वाटते म्हणून ती बंद करू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच.

ते शेतकरी महिन्याने पुन्हा आले. रक्तदाब १४२ वर ८८. गोळी चालू, ताकही चालू, मीठ बंद. "चव नाही येत जी," म्हणून कुरकुरत होते. मी म्हटले, सवय होईल. वाचकहो, कात्रण काढून खिशात ठेवायचेच असेल, तर या वेळी हे ठेवा.