परवाना आणि मर्जी

३० जानेवारी १९५६ च्या रात्री अमेरिकेतील अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी शहरी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. घरात पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी होती. दोघी थोडक्यात बचावल्या. बसमधील भेदाविरुद्ध काळ्या लोकांचा बहिष्कार तेव्हा ऐन भरात होता. किंग यांनी मोटारीत पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. शेरीफच्या कचेरीने तो नाकारला. पुढे त्यांनी घरातील शस्त्रही काढून टाकले व अहिंसा पूर्णपणे स्वीकारली, हे खरे. पण आम्हाला थांबावेसे वाटते ते त्या नकारापाशी. घरावर बॉम्ब पडलेल्या माणसाच्या जिवाला धोका नाही, तर मग कोणाच्या?

कपड्याआड पिस्तूल बाळगण्याचे नियम त्या देशात राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांत वय, गुन्ह्यांची नोंद अशा अटी पुऱ्या झाल्या की परवाना द्यावाच लागतो. काही राज्यांत मात्र अधिकाऱ्याला कारण पटले तरच तो मिळे. साहेबाला पटणे म्हणजे काय, हे रेशन कार्डासाठी खेटे घातलेल्या आमच्या वाचकांना सांगायला नको! न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस स्वतः कृष्णवर्णीय. गरिबांचे खटले लढवणाऱ्या काळ्या वकिलांनीही न्यायालयाला लेखी कळवले होते की, विनापरवाना पिस्तुलाबद्दल पकडले जातात ते बहुतेक आमचेच काळे व हिस्पॅनिक अशील.

अलाबामात तर १ जानेवारी २०२३ पासून परवान्याचीच गरज उरली नाही. घरोघरी पिस्तुले यावीत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्या देशात शाळकरी मुलेही गोळीला बळी पडतात. पण कागदावर नियम सर्वांना सारखा झाला, म्हणजे रस्त्यावरही तो सारखा होतो काय?

फिलँडो कॅस्टिल हा काळा तरुण शाळेच्या भोजनगृहाचे काम पाही. पिस्तुलाचा रीतसर परवाना त्याच्याकडे होता. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यात पोलिसाने त्याची मोटार अडवली. आपल्याजवळ शस्त्र आहे, असे त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितले. काही क्षणांतच पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले.