जागेवरची दाद

गाण्याला ‘वा!’ म्हणणे ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. बैठकीत ही ‘वा’ कुठे म्हणायची आणि केव्हा नुसती मान हलवून थांबायचे, याचे एक शास्त्र होते. ते कुणी मुद्दाम शिकवत नसे. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाकडे पाहूनच ते अंगी बाणत असे. विलंबित एकतालात गायक समेपासून दूर जातो आणि पुन्हा समेवर येतो, तेव्हा ज्या माना हलतात त्या एवढेच सांगत असतात, की आम्हीही वाटेत तुमच्याबरोबर होतो. दाद म्हणजे स्तुती असा अर्थ आपण सरसकट घेतो. परंतु मुळात ती आपण लक्ष देऊन ऐकत असल्याची पावती असते.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची फार मोठी बैठक आता इंटरनेटवर भरू लागली आहे. निवृत्त बँक अधिकारी सकाळी भैरवाची आलापी ध्वनिमुद्रित करून मित्रांना पाठवतात. कराओकेच्या अ‍ॅपवर नाशिकच्या गृहिणी युगुलगीताचा अर्धा भाग गाऊन ठेवतात आणि उरलेला अर्धा परदेशातला कुणी अनोळखी मराठी माणूस पूर्ण करतो. २०२० च्या टाळेबंदीत या बैठकीला भरती आली, आणि टाळेबंदी सरल्यावरही ती ओसरली नाही. आमच्यासारख्या, साहित्य शिकवण्यावर पोट असलेल्या मंडळींमध्ये या प्रकाराकडे पाहून नाक मुरडण्याची रीत आहे. ‘सगळेच गातात, ऐकत कुणीच नाही’ हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही स्वतः अनेकदा उच्चारले आहे. आज ते आम्ही अर्धे मागे घेत आहोत. अर्धेच का, तेही सांगतो.

‘हौशी’ या शब्दाला आज कमीपणाचा वास येतो. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्यात चित्र जवळजवळ उलटे होते. गाणे हा पेशा असलेल्यांकडे पांढरपेशा समाज संशयाने पाही, आणि गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याची खटपट बरीचशी हौशी मंडळींनी केली. १८७० साली मुंबईत पारशी गृहस्थांनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला. पुढे वकिलीचे शिक्षण घेतलेले तरुण विष्णु नारायण भातखंडे या गायन उत्तेजक मंडळीतच गुणीजनांना ऐकू लागले आणि चिजा गोळा करू लागले. सहा भागांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ ज्या माणसाने मराठीत सिद्ध केली, तो मैफली गाजवणारा गवई नव्हता. संस्थेच्या नावातला ‘उत्तेजक’ हा शब्द आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे उत्तेजन याचा अर्थ नुसती शाबासकी असा नव्हता. उस्तादांना बोलावणे, त्यांच्याकडून शिकणे, एकमेकांसमोर गाणे आणि एकमेकांना ऐकणे असा तो सगळा उद्योग होता.

आता आमच्यातलाच एक अनुभव सांगतो. हा लेख लिहिणाऱ्या आम्हां तिघांपैकी एकीने विद्यार्थिदशेत संगीताच्या परीक्षा दिल्या होत्या. नोकरी, संसार आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांत तंबोरा वीस वर्षे गवसणीतच राहिला. टाळेबंदीत तिने पुन्हा गायला सुरुवात केली आणि तीसएक हौशी मंडळींच्या एका गटात भूप गाऊन पाठवला. ध्वनिमुद्रण अकरा मिनिटांचे होते. पहिली ‘अप्रतिम!’ दुसऱ्या मिनिटाला आली. पाठोपाठ जोडलेले हात, फुले, ‘खूप छान’, ‘सुरेल’, ‘देवाची देणगी’. संध्याकाळपर्यंत असे पंचवीस अभिप्राय जमले. तिला आनंद झाला, हे ती लपवत नाही. वीस वर्षांनी उघडलेल्या गळ्याला आधी एवढेच हवे असते, की कुणीतरी दार उघडले आणि आत या म्हटले. या प्रेमळ गजराची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा स्वतः गाऊन पाठवावे आणि मग शांततेत उत्तराची वाट पाहावी.

रात्री उशिरा गटातल्या एका वयस्कर काकांचा अभिप्राय आला. त्यांनी लिहिले होते : ‘सातव्या मिनिटाला पंचमावरून गंधारावर येऊन थांबलात, ती जागा फार आवडली. त्याआधी धैवतावर दोनदा रेंगाळलात, तिथे देशकार डोकावला. पुन्हा ऐकून पाहा.’ भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. परंतु भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात, हे तिने परीक्षेपुरते पाठ केलेले होते. ते आपल्याच गळ्यात ऐकण्याची वेळ प्रथमच आली. तिने आपले ध्वनिमुद्रण पुन्हा लावले, मग देशकार शोधून ऐकला, आणि पुढच्या आठवड्यात भूप पुन्हा गायला. इतर पंचवीस अभिप्रायांनी तिला गायची परवानगी दिली होती. या एका अभिप्रायाने गाण्याचे काम दिले.

आमचे म्हणणे या दोहोंतल्या फरकाविषयी आहे. त्या काकांनी दोष दाखवला म्हणून त्यांचा अभिप्राय मोलाचा ठरला असे नाही. त्यांचे पहिले वाक्य कौतुकाचेच होते. मोल आहे ते ‘सातव्या मिनिटाला’ या दोन शब्दांना. गाण्यातल्या सौंदर्यस्थळाला आपण ‘जागा’ म्हणतो. दादेलाही तशीच जागा लागते. ‘खूप छान’ हे न ऐकताही म्हणता येते. सातव्या मिनिटाला काय झाले, ते सात मिनिटे ऐकल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रत्यक्ष बैठकीत ही जागा आपोआप मिळते, कारण दाद त्याच क्षणी उमटते. इंटरनेटवर तो क्षण हाती राहत नाही. याला माणसांची उदासीनता जितकी कारण आहे, तितकाच माध्यमाचा स्वभावही आहे. आवाजाला हवेतून दहा मीटर जायला सुमारे तीस सहस्रांश सेकंद लागतात. त्याहून फार अधिक उशीर झाला, की दोघांना लयीत एकत्र राहणे जड जाते, आणि व्हिडिओवरच्या संभाषणात तो उशीर सहजच याच्या कितीतरी पट असतो. म्हणून पुण्यातला तबला आणि नागपूरचा गळा पडद्यावर समोरासमोर बसूनही समेवर भेटत नाहीत. त्यात आणखी एक गंमत अशी, की ही साधने बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून पार्श्वभूमीतला अखंड आवाज गाळून टाकतात. पंख्याची घरघर जाते, तसा तंबोराही जातो! मूळ आवाज तसाच राहू द्या, असे यंत्राला वेगळे बजावावे लागते. साहजिकच हौशी गायक अ‍ॅपवरचा ठेका आणि अ‍ॅपवरचा तंबोरा लावून एकटाच गातो. तो ठेका बिनचूक असतो, पण गायकाच्या मनात आज काय आहे याची त्याला दाद-फिर्याद नसते.

अशा एकट्या गाणाऱ्याला संगत कुणाची? उशिरा का होईना, ऐकणाऱ्याची. मिनिटाचा आकडा घालून लिहिलेला अभिप्राय ही या नव्या बैठकीतली मान हलवण्याची रीत आहे, असे आम्हांला वाटते. ती प्रत्यक्ष दादेइतकी तत्काळ नाही. मात्र तिला एक सोय आहे, जी बैठकीला नव्हती. गायक ती जागा पुन्हा ऐकू शकतो. बैठकीत ‘वा’ नेमकी कशाला आली हे नवशिक्याला पुष्कळदा कळत नसे. इथे बोट ठेवून दाखवता येते.

यावर एक आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. हौशी माणसाने आनंदासाठी गायचे. त्याच्यामागे गंधार-धैवताचा तगादा कशाला? नेमकेपणाच्या नावाखाली गटात एखादा परीक्षक शिरला, तर चार भित्री माणसे कायमची गप्प होतील. हे भय खोटे नाही. आम्ही शिक्षक आहोत. एका वाक्याने विद्यार्थी कसा मिटतो, हे आम्ही पाहिले आहे आणि कधी कधी आमच्याच हातून तसे झालेलेही आहे. परंतु नेमकेपणा आणि कठोरपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. दोष दाखवण्याचा अधिकार नसेल, ज्ञान नसेल, तरी ‘तिसऱ्या मिनिटाला तुम्ही श्वास घेऊन थांबलात, तिथे मीही थांबलो’ एवढे लिहायला राग ओळखता येण्याची गरज नाही. लक्ष देण्याची मात्र आहे.

आणि इथे हा प्रश्न संगीतापुरता राहत नाही. मराठीच्या वर्गात आम्ही निबंधांच्या साठ वह्या तपासतो आणि त्यांतल्या चाळीस वह्यांवर ‘छान’ किंवा ‘प्रयत्न चांगला’ असे लिहून मोकळे होतो. कवितेच्या वाचनानंतर विद्यार्थी ‘मनाला भिडली’ म्हणतात. कोणती ओळ भिडली असे विचारले, की वर्गात शांतता पसरते. हा दोष त्यांना आमच्याकडून लागला आहे. समीक्षेची परिभाषा आम्ही त्यांना शिकवतो, पण समीक्षेची सुरुवात ओळीवर बोट ठेवण्यापासून होते, ही साधी गोष्ट राहून जाते. इंटरनेटवरच्या हौशी गायकांना ‘ऐकत कुणीच नाही’ म्हणून हिणवण्यापूर्वी, आपण शेवटचे कुणाचे लेखन जागा दाखवून वाचले, हे आम्ही आठवून पाहिले. उत्तर फारसे अभिमानाचे नव्हते. वर ‘अर्धे’ म्हटले ते यासाठी, की न ऐकण्याचा आरोप काही अंशी खराच आहे. फक्त तो करण्याचा आमचा हक्क संपला आहे.

म्हणून वाचकांना, विशेषतः शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांना, एक छोटी विनंती. तुमच्या ओळखीचे कुणी पेटीवर, बासरीवर किंवा नुसत्या गळ्याने काही वाजवून-गाऊन पाठवील, तेव्हा हात जोडण्याचे चित्र खुशाल पाठवा. पण त्याआधी ते शेवटपर्यंत ऐका, आणि चित्राच्या सोबत एक आकडा लिहा. आमच्या सहकारी बाईंच्या भूपात अजूनही अधूनमधून देशकार डोकावतो. फरक इतकाच, की आता तो त्यांना स्वतःला आधी ऐकू येतो.